जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास आणि पेंगणारा आठवीचा वर्ग

आपला प्रश्न असा आहे की, आठवीला गणित शिकवताना जेवणाच्या सुट्टीनंतरच्या तासाला निम्मा वर्ग पेंगतो, चॉकलेट-पेनाची बक्षिसे देऊनही उत्साह दोन आठवड्यांत ओसरतो, तर मुलांना अभ्यासात गुंतवून ठेवावे कसे. निफाड तालुक्यातील एका शाळेत मी बावीस वर्षे हाच विषय, आणि बहुतेक वेळा नेमका हाच तास, सांभाळला आहे.

बक्षिसे बंद करावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतील काही मुलांना चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगितले होते. पुढे मोकळ्या वेळेत हीच मुले चित्रे काढण्यात इतरांपेक्षा कमी वेळ घालवू लागली. ज्यांना ते अनपेक्षितपणे मिळाले, त्यांची आवड मात्र टिकली.

माझ्या वर्गात सर्वांत मोठा फरक पडला तो माझ्या गप्प राहण्याने. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने वर्गांतील ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असे आढळले. तोच अवधी तीन सेकंदांवर नेल्यावर उत्तरे लांबली, निरुत्तर राहणारी मुले कमी झाली आणि ‘कच्ची’ समजली जाणारी मुलेही बोलू लागली. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. फळ्यापाशी उभे राहून ते मोजताना जीव कासावीस होतो. मी मनात पाच अंक मोजतो, तोवर कोणाचेही नाव घेत नाही आणि प्रत्येकाला वहीत काहीतरी लिहायला लावतो, मग ते चुकलेले का असेना. हात वर करणाऱ्या त्याच चार मुलांवर तास चालवला, तर उरलेल्यांनी पेंगण्यात वावगे काय?

दुसरी गोष्ट उदाहरणांची. आमच्या भागात घरोघरी कांदा असतो, म्हणून शेकडेवारीसाठी मी मुलांना बाजार समितीतून मिळालेली हिशोबपट्टी आणायला सांगू लागलो. समजा, पंधरा क्विंटल कांदा १,२०० रुपये भावाने गेला आणि हमाली, तोलाई व गाडीभाडे मिळून २,७०० रुपये वजा झाले, तर शेकडा किती गेले? उत्तर १५ येते, पण वर्ग तिथे थांबत नाही. भाव निम्म्यावर आला आणि हे सगळे खर्च तेवढेच राहिले तर काय, हे मुलेच विचारतात, आणि ३० हे उत्तर निघाल्यावर वर्गात जो गलका होतो तो मी मुद्दाम आवरत नाही. कांदा नसलेल्या गावात विजेचे बिल तितकेच उपयोगी पडते.

मात्र पट्ट्या वर्गात फिरवण्याआधी त्यांवरील नाव आणि एकूण रक्कम झाकून घ्यावी. पहिल्या वर्षी मी ही खबरदारी घेतली नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी एका मुलीने, कोणाशी काही न बोलता, आपली पट्टी माझ्या टेबलावरून उचलून परत नेली होती.