चाकातून घूं घूं आवाज

प्रश्न: गाडी 60 च्या पुढे गेली की घूं घूं आवाज येतो, टायर बदलले तरी तसाच आहे. बेअरिंग गेलं का?

उत्तर: बहुतेक तेच. मोकळ्या रस्त्यावर हळूच डावीकडे वळवून बघा, वजन उजव्या चाकांवर जातं, तेव्हा आवाज वाढला तर उजवीकडचं धरा. मग जॅक लावून (खाली स्टँड हवाच, प्लीज!) चाक हाताने फिरवा आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवा, खरखर बोटांना लगेच कळते. प्ले (चाकात ढिलेपणा) असेल तर बॉल जॉइंटही (चाकाकडचा भाग सस्पेन्शनला जोडणारा सांधा) तपासा. प्रेस-फिट (प्रेस मशीनने दाबून घट्ट बसवायचं) बेअरिंग हातोडीने ठोकून अजिबात बसवू देऊ नका, नवंकोरं असलं तरी तिथेच खराब होतं, नकलमध्ये (बेअरिंग ज्यात बसतं तो चाकामागचा भाग) बसवताना प्रेसचा दाब बेअरिंगच्या बाहेरच्या रेसवरच (कड्यावरच) यायला हवा. अॅक्सल नट (चाकाच्या मधोमध असतो तो मोठा नट) नवीन घ्या आणि टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) आवळा.