जुन्या ओपन सोर्स डिझाइन सॉफ्टवेअरचा इंटरफेस नव्याने करायचाय, तर टूलकिट (बटणं, मेनू, खिडक्या बनवायचं तयार सामान) कुठलं घ्यावं: जीटीके, क्यूटी की इलेक्ट्रॉन?

तुमचा कोड आत्ता कशावर उभा आहे ते तुम्ही लिहिलंच नाहीये, आणि सगळं उत्तर त्याच्यावरच आहे. जीटीके २ वर असेल तर आधी जीटीके ३ वर न्या, जुन्या क्यूटीवर असेल तर क्यूटी ६ पर्यंत आणा, इलेक्ट्रॉनचं, म्हणजे वेबपान डेस्कटॉप प्रोग्रॅम म्हणून चालवण्याचं, नाव काढू नका.

हे इतकं ठासून सांगतोय कारण महापेला एका कंपनीत असताना याच प्रश्नावर माझं टीम लीडशी वाजलं होतं. आमच्याकडे एका ओपन सोर्स ड्रॉइंग प्रोग्रॅमचा फोर्क (मूळ कोडची प्रत घेऊन आपण वाढवलेली आवृत्ती) होता, सी प्लस प्लस, क्यूटी ४. माझं म्हणणं होतं की क्यूटी ५ वर पोर्ट करू, फाइल वाचणं, आकारांची गणितं वगैरे इंटरफेसपासून तोडून वेगळं काढू, मग बटणं कशी दिसतात ते बघू. लीडचं एकच पालुपद, नवीन पोरं क्यूटी शिकत नाहीत, सगळं वेबमध्ये नव्याने लिहू. वेबवाला डेमो झाला, दिसायला सुंदर होता, सगळे खूश.

ठाण्यात कोपरीला माझ्या मावसभावाचं फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचं दुकान आहे. तो डेमो मी तिथल्या ऑपरेटर ताईंना वापरायला दिला. त्या फोनेटिक कीबोर्डवर मराठी टाइप करतात आणि तेही स्क्रीनकडे न बघता. टेक्स्ट टूल घेतलं, 'गणेशोत्सव' टाइप केलं, तर कॅनव्हासवर, म्हणजे चित्र काढायच्या जागेवर, नुसती इंग्रजी अक्षरं! त्या म्हणाल्या, "दादा, कीबोर्ड मराठीच आहे हो, हे बघा खाली." होताच मराठी. वेबच्या कॅनव्हासला टेक्स्टचा बॉक्स म्हणून कोणी ओळखतच नाही, त्यामुळे तिथे फोकस असला की असलं फोनेटिक मराठी इनपुट जागंच होत नाही, लपवलेला टेक्स्ट बॉक्स वगैरे ठेवून सगळं स्वतः जुळवावं लागतं. क्यूटीतही फुकट मिळत नाही, स्वतःचा विजेट (पडद्यावरचा घटक) असेल तर इनपुट मेथडचे, म्हणजे मराठी टायपिंगच्या सोयीकडून येणारे, इव्हेंट आपणच हाताळायचे, पण त्याची जागा ठरलेली आहे, आणि मी ते कोडच्या माझ्या वेगळ्या ब्रांचमध्ये करून दाखवलं, अर्धवट टाइप केलेलं अक्षर अधोरेखित दिसायचं, जोडाक्षर जागच्या जागी जुळायचं. मीटिंगमध्ये हे सांगितलं तर उत्तर आलं की मराठी हा 'एज केस' आहे, म्हणजे क्वचित येणारी अडचण. ठाण्यातल्या दुकानात मराठी एज केस! तो शब्द मला अजून खुपतो.

गिंप या ओपन सोर्स फोटो एडिटरचंच बघा. जीटीके मुळात गिंपसाठी जन्मलं, बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी मोटिफ या आधीच्या टूलकिटला वैतागून बनवलेलं, आणि त्याच गिंपची जीटीके ३ वरची ३.० आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली, तोवर जीटीके ४ येऊन चार वर्षं उलटून गेली होती. लोक याची टिंगल करतात, मला ते पटत नाही. त्यांनी २०१८ च्या २.१० मध्ये आधी आतलं इमेज प्रोसेसिंग जवळपास सगळं गेगल या इमेज लायब्ररीवर नेलं, मग बाहेरच्याला हात घातला. क्रम हाच पाहिजे.

आणि २ वरून थेट ४ वर उडी मारू नका. जीटीके ४ मध्ये जुने मेनू गेलेत, उत्तर येईपर्यंत थांबून राहणारा डायलॉगही गेलाय, डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये हे दोन्ही पानोपानी असतं.

हां, क्यूटी घेताना लायसन्स नीट वाचा, बरंचसं एलजीपीएल ३ या सैल लायसन्समध्ये मिळतं पण काही मॉड्यूल फक्त जीपीएल (तुमचा कोडही खुला ठेवायला लावणारं) किंवा पैसे देऊन. कोड पायथनमध्ये असेल तर पायसाइड (पायथनमधून क्यूटी वापरायची लायब्ररी) आहे, तेही चालेल. आणि तुमचं सॉफ्टवेअर ब्राउझरमध्येच चालवायचं असेल तर वेब घ्याच, माझा विरोध चालू डेस्कटॉप प्रोग्रॅम फेकून देण्याला आहे.

तुमच्याकडेही कोणी नवीन पोरांचं कारण पुढे करेल. त्यांना सांगा चित्रं काढायचं क्रिता क्यूटीवर आहे, थ्रीडी डिझाइनचं फ्रीकॅड क्यूटीवर आहे, केडीई या ओपन सोर्स संस्थेतर्फे क्रिताची कामं गूगल समर ऑफ कोड या नवख्यांसाठीच्या उपक्रमात असतात आणि ती बरीचशी कॉलेजातली पोरं करतात.