विश्वास बसतो, श्रद्धा ठेवतात

एका वाचक बाईंचा प्रश्न आहे: ‘ज्यांना आपले मानले त्यांनीच दगा दिला, तेही उठताबसता देवाचे नाव घेणाऱ्यांनी. त्या भरात देवावरूनही मन उडाले. ते परत कसे येते यावर लिहिते आहे. “देवावर पुन्हा विश्वास करणे” म्हणू की “श्रद्धेची पुनर्बांधणी”?’

दोन्ही नको. ‘विश्वास करणे’ हे मराठी नव्हेच. हिंदीतून ते आले आणि आता प्रवचनांतही ‘देवावर विश्वास करा’ ऐकावे लागते. मराठीत विश्वास ठेवतात, टाकतात; तो बसतो, उडतो, ढळतो; कोणी तो ‘करत’ नाही. आणि पुनर्बांधणी पुलांची करावी, पक्षांची करावी. श्रद्धेला कंत्राटदार लागत नाही.

‘विश्वास’ची एक व्युत्पत्ती सध्या सुविचारांच्या चित्रांवर फिरते: विश्व अधिक आस. संधी बरोबर जुळतो, म्हणून लोक फसतात; व्युत्पत्ती मात्र खोटी. धातू आहे श्वस्, म्हणजे श्वास घेणे. वि + श्वस् म्हणजे मोकळा श्वास घेणे, निर्धास्त होणे. श्वास, निःश्वास, आश्वासन, विश्वस्त ही सगळी एकाच घरची मंडळी. (‘आश्वासन’ म्हणजे मुळात घाबरलेल्याला श्वास घेऊ देणे. निवडणुकांनी त्याचे काय केले ते सांगायला नको.) दगा खाल्लेल्या माणसाचा श्वास अडकतो, आणि अडकलेला श्वास ‘सोड’ म्हटल्याने सुटत नाही. म्हणूनच ‘विश्वास बसणे’ हा प्रयोग मला फार नेमका वाटतो. ‘माझा विश्वास बसला’ यात कर्ता विश्वास आहे, मी नाही. तो त्याच्या वेळेने बसतो. ‘विश्वास पानिपतात गेला’ ही १७६१ सालच्या विश्वासरावांवरची जुनी कोटी माणसांच्या बाबतीत ठीक आहे. देवाला त्या हिशेबात ओढण्याचे कारण नाही.

आता ‘श्रद्धा’. निष्ठा, आस्था, भक्ती हे कोशातले अर्थ सगळ्यांना ठाऊक आहेत, ते सोडतो. गंमत घडणीत आहे: श्रत् + धा. धा म्हणजे ठेवणे. आणि श्रत्? माझ्या मते हृदय. लॅटिनमधल्या शंभरासाठीच्या ‘केंतुम्’समोर आपल्याकडे ‘शत’ उभे आहे, म्हणजे तिथल्या क-चा इथे श होतो. त्याच नियमाने लॅटिन ‘कोर्द’, ग्रीक ‘कार्दिआ’, म्हणजे हृदय, यांच्यासमोर ‘श्रद्’ उभे राहते. लॅटिनमध्ये ‘मी श्रद्धा ठेवतो’ याला ‘क्रेदो’ म्हणतात. तोच शब्द, तीच जोडणी. त्या क्रियापदातूनच ‘क्रेडिट’ निघाले. खिशातले क्रेडिट कार्ड हे श्रद्धेचे चुलतभावंड आहे, व्याज लावणारे असले तरी.

यावर विद्वान नाक मुरडतात. आपल्या निघंटूत श्रत् हे सत्याच्या नावांत घातले आहे, आणि ‘श्रद्धा म्हणजे सत्य धारण करणे’ असे सांगणारे त्यावरच थांबतात. निघंटू ही शब्दांची यादी आहे, उत्पत्तीचा दाखला नव्हे. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ एमिल बेनवेनिस्त यांची हरकत जास्त वजनाची. त्यांचे म्हणणे असे की संस्कृतात हृदयाला ‘हृद्’ म्हणतात, त्यात ह आहे, श नाही. तेव्हा श्रत् म्हणजे हृदय नव्हे, परतफेडीच्या अपेक्षेने दुसऱ्यावर टाकलेला एक प्रकारचा तारणाचा ऐवज. देवाशी देवघेव! ह आणि श यांची अडचण खरी आहे, पण तिच्यासाठी अख्खे हृदय गहाण टाकायची गरज नव्हती. पारशांच्या धर्मग्रंथात, अवेस्तेत, श्रद्धावानाला ‘झ्रझ्दा’ म्हणतात. संस्कृतातल्या श-समोर नियमाने तिथे आरंभी स हवा होता. झ आला तो त्यांच्या हृदयवाचक ‘झरद्’ शब्दाच्या ओढीने. बोलणाऱ्यांनाच या शब्दात हृदय ऐकू येत होते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले श्रद्धासूक्तही तेच सांगते: श्रद्धा मिळवायची ती ‘हृदय्यया आकूत्या’, हृदयातल्या इच्छेने. बेनवेनिस्त मोठे खरेच, पण इथे मी त्या प्राचीन कवीच्या बाजूने.

दुसऱ्या मंडलात तर हा शब्द उसवलेला सापडतो. इंद्राविषयी लोक विचारतात, कुठे आहे तो? आणि म्हणतात, तो नाहीच. त्याच ऋचेच्या शेवटी येते: ‘श्रदस्मै धत्त’. श्रत्, मग ‘अस्मै’, मग धत्त. हृदय, याच्यावर, ठेवा. शब्दाचे दोन तुकडे आणि त्यांच्या मधोमध देव. ‘नाहीच’ म्हणणाऱ्यांचा आवाज ऋषीने गाळलेला नाही, हे मला विशेष आवडते.

हां, प्रश्न. तुम्ही विचारता ते परत येणे श्रद्धासूक्ताच्या शेवटच्या ऋचेत आहे. श्रद्धेला सकाळी हाक मारतात, दुपारी मारतात, सूर्य मावळताना पुन्हा मारतात. एकदा मिळाली की झाले, असे त्या काळीही नव्हते. आणि मागणे काय? ‘श्रद्धे श्रद्धापयेह नः’: श्रद्धे, आम्हांला इथे श्रद्धा ठेवायला लाव. क्रियापद प्रयोजक आहे, ‘करवून घे’ या अर्थाचे. ज्याच्याने ती ठेववत नाही त्याने ती श्रद्धेकडेच मागितली आहे. मराठीत हे एका शब्दात येत नाही, आणि कोणी ‘श्रद्धापन’ असे काही घडवू नये ही विनंती.

तुमच्या लेखापुरते सांगतो. जिथे मन आपसूक निवळले, भीती गेली, तिथे ‘देवावर पुन्हा विश्वास बसला’ लिहा. जिथे जखम ओलीच आहे, माणसांची नावे ऐकली तरी पोटात गोळा येतो, आणि तरी हात जोडले, तिथे ‘श्रद्धा ठेवली’. आणि ज्यांनी दगा दिला त्यांच्यासाठी वेगळी सोय आहे: ते ‘मनातून उतरले’ म्हणा. ते उतरले म्हणून देवालाही उतरवण्याची सक्ती मराठी करत नाही.