900 ओळींचं फीचर लिहिलं पण कुणी बघतच नाही, सोडून देऊ का?

तुझं पत्र दोनदा वाचलं गं. दुसऱ्यांदा वाचलं ते "एवढं करून कुणी उघडूनसुद्धा बघितलं नाही" या वाक्यामुळे. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते, ही मुलगी कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा बऱ्यापैकी येते, चित्रं काढायची आवड आहे आणि त्यासाठी गिम्प हे फुकट मिळणारं, ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं) चित्रांचं सॉफ्टवेअर वापरते. सिलेक्ट केलेल्या भागातला एक रंग बदलून दुसरा करून देणारं फीचर तिने दोन महिने बसून लिहिलं, कुणाला काही न विचारता थेट मर्ज रिक्वेस्ट (माझा कोड मूळ प्रोग्रॅममध्ये घ्या अशी विनंती) टाकली, त्याला तीन आठवडे झाले. घरी बाबा म्हणतायत की फुकटची कामं बंद कर आणि इंटर्नशिप शोध. तिचा प्रश्न असा की ओपन सोर्सचा नाद सोडून प्लेसमेंटच्या तयारीला लागू का.

माझं मत सांगते, सोडू नकोस. पण जसं करतेयस तसं करू नकोस.

आधी त्या तीन आठवड्यांचं बघू. गिम्प 2.10 आलं एप्रिल 2018 मध्ये आणि 3.0 आलं मार्च 2025 मध्ये, म्हणजे मधे जवळजवळ सात वर्षं गेली. काम करणारी माणसं मोजकी, त्यातली बरीचशी आपापलं काम सांभाळून वेळ देणारी, त्यामुळे हा वेळ लागतो. आता अशा माणसासमोर एका अनोळखी मुलीच्या 900 ओळी येऊन पडल्या की तो काय करणार? वाचायलाच त्याचा अख्खा शनिवार जाणार, आणि एकदा आत घेतलं की पुढची दहा वर्षं त्यातले बग त्यालाच बघायचेत, तू असशील की नसशील त्याला काय माहीत. म्हणून तो ते बाजूला ठेवतो आणि पाच ओळींची दुरुस्ती आधी घेतो. तुझ्यावर राग वगैरे काही नाहीये त्याचा. आणि रिलीज जवळ आलं की नवीन फीचर घेणं मुद्दाम थांबवतात, तेही एकदा बघून घे.

आता तू लिहिलंयस की "माझ्या मशीनवर फीचर परफेक्ट चालतं". तीन गोष्टी करून बघ. एखादा फोटो उघड, गोल सिलेक्शन कर, त्याला 20 पिक्सेलचं फेदर दे (म्हणजे कड मऊ कर) आणि तुझं फीचर चालव, मग कडेला 800 टक्के झूम करून बघ. रंग कडेला हळूहळू विरत गेला तर उत्तम, पायऱ्या पायऱ्या दिसल्या तर घोळ आहे. गिम्पमधलं सिलेक्शन म्हणजे आत की बाहेर एवढंच नसतं, तो एक करडा मास्क असतो आणि कडेचा पिक्सेल अर्धा निवडलेला, पाव निवडलेला असू शकतो. तुझ्या पत्रातल्या वर्णनावरून मला वाटतं की तू फक्त हो किंवा नाही एवढंच तपासतेयस. दुसरी गोष्ट, इमेज मेनूत जाऊन प्रिसिजन 32 बिट फ्लोटिंग पॉइंट कर आणि परत चालव. तिथे रंगाची किंमत 0 ते 255 नसते, 0 ते 1 असते आणि कधी 1 च्या वरही जाते. आणि तिसरं, चालवून झाल्यावर कंट्रोल झेड दाब. एकदा दाबून सगळं पूर्ववत झालं पाहिजे, चार वेळा दाबावं लागलं तर वापरणारा वैतागतो.

हे तुला नाउमेद करायला सांगत नाहीये, उलट इथेच तुझी सुटका आहे. तू पिक्सेलवरून हाताने लूप फिरवलायस. तेच जर गेगलचं, म्हणजे गिम्पच्या आतल्या चित्रावर प्रक्रिया करणाऱ्या इंजिनाचं, ऑपरेशन म्हणून लिहिलंस तर सिलेक्शनचा मास्क, अंडू आणि प्रीव्ह्यू हे तिन्ही गिम्प स्वतः सांभाळतं, रंगाच्या फॉरमॅटची अदलाबदल बॅबल ही त्याच्या जोडीची लायब्ररी करते, तुझ्याकडे उरतं ते फक्त रंग बदलायचं गणित. 3.0 मध्ये तर असे फिल्टर लेअरला धक्का न लावता नुसते वर बसतात, नंतर केव्हाही आकडे बदलता येतात. 900 ओळींच्या बऱ्याच कमी होतील बघ. आणि असं ऑपरेशन वेगळं प्लगिन म्हणून द्यायला कुणाची परवानगी लागत नाही, लोक आजपासून वापरू शकतात. चार जण वापरून बोलले की मग मूळ प्रोग्रॅममध्ये घ्या म्हणायला तुझ्याकडे काहीतरी असेल.

सोबत छोटी कामं घे. गिम्पच्या इश्यूंमध्ये (लोकांनी नोंदवलेल्या अडचणींच्या यादीत) काही नवख्यांसाठी खूण केलेले असतात, त्यातला असा निवड जो तुला स्वतःला चित्र काढताना छळतो. माझ्याकडे येणारी मुलं इथे दुसरी चूक करतात, रीडमीमधला (प्रोजेक्टची ओळख देणाऱ्या फाइलमधला) स्वल्पविराम बदलून आपल्या नावावरच्या कामांचा आकडा वाढवत बसतात. ऑक्टोबरात ओपन सोर्सला कोड पाठवणाऱ्यांना टीशर्ट देणाऱ्या हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात 2020 मध्ये त्या टीशर्टसाठी एवढा कचरा आला की आयोजकांना मधेच नियम बदलावे लागले. कृपा करून त्या वाटेने जाऊ नकोस, आणि एआयकडून लिहून घेतलेला, स्वतःला न समजलेला कोडही पाठवू नकोस, रिव्ह्यूमध्ये पहिल्याच प्रश्नाला अडकशील.

बाबांचा प्रश्न मात्र अगदी रास्त आहे, त्यांच्याशी भांडू नकोस. त्यांना सांग की गूगल समर ऑफ कोड या गूगलच्या कार्यक्रमात अशाच ओपन सोर्स कामाचा स्टायपेंड मिळतो, साधारण 90, 175 किंवा 350 तासांचे प्रोजेक्ट असतात, 18 वर्षं पूर्ण लागतात, आणि निवड बहुतेक वेळा त्यांचीच होते जे आधीपासून त्या प्रोजेक्टात छोटी कामं करतायत. गिम्पची गोष्टही सांग त्यांना. स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस हे बर्कलीचे विद्यार्थी असताना 1995 मध्ये त्यांनी हे सुरू केलं, खिडक्या आणि बटणं काढायला जीटीके नावाची लायब्ररी स्वतः लिहिली, तीच पुढे लिनक्सवरच्या जीनोम डेस्कटॉपचा पाया झाली, आणि 2015 मध्ये त्याच दोघांनी आणखी एका सहकाऱ्यासोबत कॉक्रोच लॅब्स ही डेटाबेसची कंपनी काढली. सगळ्यांचं असं होत नाही हेही सांग. पण मी मुलांच्या मॉक इंटरव्ह्यू घेते तेव्हा मर्ज झालेल्या एका चाळीस ओळींच्या पॅचवर मुलगी वीस मिनिटं बोलू शकते, रिव्ह्यूअरने काय खोट काढली, तिने काय बदललं, का बदललं, आणि कॉलेजच्या प्रोजेक्टवर तीच मुलगी तीन मिनिटांत संपते. हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय.

प्लेसमेंटची तयारी चालूच ठेव, आठवड्यातले पाचसहा तास गिम्पला दे, परीक्षेच्या महिन्यात शून्य दे.

आणि त्या मर्ज रिक्वेस्टवर आज एवढंच लिही, की आधी विचारायला हवं होतं, हे मी गेगल ऑपरेशन म्हणून परत लिहितेय, ही दिशा बरोबर वाटते का. वरच्या तीन तपासण्यांत काय दिसलं तेही प्रामाणिकपणे लिही, स्क्रीनशॉट जोड. फेदरच्या कडेचा तो झूम केलेला फोटो मलाही पाठव, मला खरंच बघायचाय.