आधी नकाशा उघड, सन मागाहून

प्रिय पोरी,

तुझा मेसेज रात्री वाचला आणि सकाळपर्यंत डोक्यात तेच चालू होतं. ब्रिटनमध्ये कायमचं राहायला द्यावी लागणाऱ्या लाईफ इन द यूकेच्या टेस्टमध्ये २४ पैकी १६ आले, १८ लागतात, म्हणजे दोन प्रश्नांनी गेली, ५० पाउंड गेले, वर नवऱ्यासमोर रडलीस. परत बसता येतं गं, सात दिवसांनी लगेच बसता येतं, त्याचं मला काहीच वाटत नाही. मला लागलं ते तुझं शेवटचं वाक्य, की मावशी हा इतिहास आपला नाहीच, तर लक्षात कसा राहणार.

तुझा अभ्यास कसा चाललाय ते तू न सांगताच कळतंय. ट्रेनमध्ये अ‍ॅप उघडायचं, चारातलं एक दाबायचं, लाल झालं की पुढचा प्रश्न. १०६६, १२१५, १६०५, १७०७, नुसते आकडे, ना बूड ना शेंडा. मग प्रश्न जरा फिरवून विचारला की झाली पंचाईत. अगं आधी ब्रिटनचा नकाशा उघड. फोनवरचा नको, कागदाचा मोठा, डोंगर नद्या रंगात दाखवणारा, जेवायच्या टेबलासमोर भिंतीवर लाव आणि प्रत्येक सनाला एकच विचार, हे इथेच का झालं?

१२१५ घे. मॅग्ना कार्टा म्हणजे राजाच्या सत्तेला बांध घालणारी सनद, राजा जॉन, रनीमीड, एवढं तुला पाठ आहे. रनीमीड कुठे आहे बघितलंस का कधी? तू रेडिंगला राहतेस, वॉटर्लूच्या गाडीत बसलीस की थेट स्टेन्सला उतरशील, तिथून थेम्सच्या काठाकाठाने चालत जायचं. नदीकाठचं ओलं सपाट कुरण आहे, बाकी काही नाही. वरच्या अंगाला विंडसरचा किल्ला, तिथे राजा. खालच्या अंगाला स्टेन्स, तिथे बंडखोर सरदार. कोणाचा कोणावर भरवसा नाही. मग भेटायचं कुठे, तर दोघांच्या मधल्या मोकळ्या कुरणात, जिथे फौज दडवून ठेवायला आडोसा नाही. एकदा त्या गवतात उभी राहिलीस ना की १५ जून १२१५ तुला जन्मात विसरायची नाही.

वेल्सचं बघ. टेस्टच्या हँडबुकमध्ये एक ओळ असते, १२८४ साली पहिल्या एडवर्ड राजाने वेल्स इंग्लंडला जोडला आणि किल्ले बांधले. तू ती ओळ घोकणार आणि पुढे जाणार. नकाशावर ते किल्ले शोध. कॉन्वी, कार्नार्वन, हार्लेक, बोमारिस, सगळे पाण्याच्या कडेला. का? कारण आतले डोंगर वेल्श लोकांचे, तिथून धान्याची गाडी सुखरूप येणार नाही, पण समुद्रातून जहाज येतं. पुढे बंड झालं तेव्हा हार्लेक तगला तो समुद्रातून रसद आली म्हणून. आणि तू विचारलं होतंस ना, युनियन जॅकमध्ये वेल्सचा ड्रॅगन का नाही? १६०६ मध्ये पहिला एकत्र झेंडा केला तेव्हा इंग्लंड आणि स्कॉटलंडचे क्रॉस घेतले, वेल्स तर आधीच इंग्लंडच्या राज्यात धरलेला होता. आयर्लंडचा तिरपा लाल क्रॉस १८०१ मध्ये आला.

नॉर्दर्न आयर्लंडला तर तू हातच लावला नाहीस, अवघड आहे म्हणतेस. नकाशा. स्कॉटलंडचं किंटायरचं टोक आणि समोरचा अँट्रिमचा किनारा, मध्ये फक्त १२ मैलांचं पाणी. हवा स्वच्छ असली की पलीकडची जमीन दिसते. सतराव्या शतकात पहिल्या जेम्सच्या काळात स्कॉटलंड आणि इंग्लंडमधले प्रॉटेस्टंट लोक तिथल्या जमिनींवर नेऊन वसवले, स्थानिक आयरिश मात्र कॅथलिक, पुढचे सगळे तंटे, प्रॉटेस्टंट राजाने कॅथलिक राजाला हरवलं ती १६९०ची बॉइनची लढाई, तिच्या आठवणीत निघणाऱ्या १२ जुलैच्या मिरवणुका, १९२२ मध्ये बाकीचं आयर्लंड वेगळं झालं पण उत्तरेकडचा तुकडा राहिला, हे सगळं त्या १२ मैलांपाशी येऊन थांबतं. पाठ करायला उरतंच काय मग?

रोमन सम्राट हॅड्रियनच्या भिंतीबद्दल मी नेहमीच जास्त बोलते, घरातले कंटाळतात, पण मी बोलणार. इ.स. १२२ मध्ये काम सुरू झालं, ७३ मैल लांब, टाइन नदीवरच्या वॉल्सेंडपासून सॉल्वेच्या खाडीवरच्या बोनेसपर्यंत. तिथेच का? कारण त्या भागात बेट कमरेत अरुंद होतं. आणि हो, ती भिंत म्हणजे आजची स्कॉटलंडची सीमा नव्हे, अख्खी भिंत इंग्लंडमध्ये आहे, अर्ध्या लोकांचं हे चुकतं. हाउसस्टेड्सला काळ्या खडकाचा उभा कडा आहे, त्याच्या माथ्यावरून भिंत जाते, उत्तरेकडे सरळ तुटलेलं. जवळच विंडोलँडाला पातळ लाकडी पट्ट्यांवर शाईने लिहिलेली पत्रं सापडली, त्यात एका रोमन अधिकाऱ्याच्या बायकोने मैत्रिणीला वाढदिवसाला बोलावलंय, साधारण इ.स. १००च्या सुमाराचं. मजकूर लेखनिकाचा, पण शेवटच्या ओळी तिच्या स्वतःच्या हातच्या. लांबच्या मुलखात नवऱ्याच्या नोकरीपायी आलेली बाई मैत्रिणीला लिहितेय, तू ये, तू आलीस तर माझा दिवस छान जाईल. आता सांग मला, हे आपलं नाही?

यांना ती भिंत बघायची फार होती. रिटायर झाल्यावर जाऊ म्हणत राहिलो, तोवर गुडघ्यांनी साथ सोडली आणि पुढे ते स्वतःच राहिले नाहीत. मी नंतर गेले, एकटी. ती सल आहे मनात, लपवत नाही. म्हणून तुम्ही पोरं म्हणता ना वीकेंडला वेळ नाही, बघू नंतर, तेव्हा माझा आवाज चढतो.

आणि आपलं नाही म्हणतेस तर कापूस बघ. मी वऱ्हाडातली, माझ्या माहेरी दारात कापसाच्या गाड्या उभ्या असायच्या. मँचेस्टर नकाशावर शोध. पाठीला पेनाइन्सचे डोंगर, तिथून येणारं मऊ पाणी, अटलांटिकवरून येणारी ओली हवा, त्या ओलाव्यात सूत कमी तुटतं, खाली कोळसा, आणि पश्चिमेला लिव्हरपूलचं बंदर, १८३० मध्ये दोन्ही शहरं रेल्वेने जोडली. मग १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी, तिकडचा कापूस बंद, लँकेशरच्या गिरण्या थंड पडल्या, कामगार उपाशी, आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आपला आखूड धाग्याचा, तो सारखा तुटायचा म्हणून तिथले कामगार वैतागायचे, पण दुसरा इलाज नव्हता. मुंबईत पैशाचा पूर आला आणि युद्ध संपताच १८६५ मध्ये सट्टेवाले बुडाले. वऱ्हाडातली शेतं आणि लँकेशरमधल्या चाळी एकाच धाग्यात होत्या. हँडबुकमध्ये हे एवढं मिळणार नाही, पण इंडस्ट्रियल रेव्होल्यूशनचा प्रश्न आला तर तुझा चुकणारही नाही.

आठव्या हेन्री राजाच्या सहा बायका मात्र पाठच कर, तिथे नकाशा कामाचा नाही. चार संतांचे दिवस पण, वेल्सचा डेव्हिड १ मार्च, आयर्लंडचा पॅट्रिक १७ मार्च, इंग्लंडचा जॉर्ज २३ एप्रिल, स्कॉटलंडचा अँड्र्यू ३० नोव्हेंबर. सणांमध्ये एवढं धर की स्कॉटलंडमध्ये रिफॉर्मेशननंतर, म्हणजे लोक कॅथलिकचे प्रॉटेस्टंट झाल्यावर, ख्रिसमस जवळपास मोडीत काढला होता, २५ डिसेंबरला तिथे सार्वजनिक सुट्टी मिळाली ती १९५८ मध्ये, म्हणून तिकडे हॉगमनेचा, थर्टी फर्स्टचा, एवढा जोर.

तू म्हणशील मावशी, मला फक्त १८ हवेत, आयएलआर, म्हणजे इथे कायमचं राहायची परवानगी, हवंय, एवढं कोण करतं. माझा मुलगाही हेच म्हणतो, की अ‍ॅपवर आठवडाभर घासलं की लोक पास होतात. होतात की. पण महिन्याभराने विचार त्यांना, कार्डिफ कुठल्या बाजूला आहे ते सांगता येत नाही. आम्ही आलो तेव्हा ही टेस्टच नव्हती, ती २००५ला आली, आम्हाला कोणी काही विचारलंच नाही, आणि मग कित्येक वर्षं घर, ऑफिस, इंडियन दुकान एवढाच आमचा देश होता. शेजारी काय साजरं करतात, का करतात, पत्ता नव्हता. नकाशा भिंतीवर लागला तेव्हापासून मी इथली झाले, पासपोर्टने नाही झाले. तेव्हा मी हट्टी आहे म्हणा, चालेल.

तर आता ऐक. अ‍ॅप पंधरा दिवस बंद. नकाशा घे, हँडबुकमधलं प्रत्येक गाव पेन्सिलने खूण कर, शेजारी सन लिही. येत्या शनिवारी स्टेन्स स्टेशनवर भेट, रनीमीडला चालत जाऊ, नवऱ्यालाही आण, थालीपीठं मी घेऊन येते, गमबूट घाल कारण कुरण ओलं असतं. मगच पुढचं बुकिंग कर, आणि ज्या आयडीवर बुकिंग करशील तोच आयडी टेस्टला ने, नाव अक्षर न् अक्षर जुळायला हवं, नाहीतर आत घेत नाहीत आणि पैसेही परत देत नाहीत.

तुझी मावशी