गांजा की घराणं?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ २७ वर्षांचा आहे. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी गांजाची सवय लागली आणि पुढच्याच वर्षी स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. ओलान्झापिनच्या गोळीने कानातले आवाज थांबले; पण दुकानातून तीन वस्तू आणायला सांगितल्या तर एकच घेऊन येतो. बिड्या चालूच आहेत. थोरल्या काकांनाही हाच आजार होता. आई म्हणते, रक्तातलंच आहे. बाबा म्हणतात, गांजाने डोकं गेलं. जनुकीय तपासणी करून एकदाचा सोक्षमोक्ष लावावा का?
– एक बहीण, जि. सातारा

उत्तर : ताई, ते पैसे वाचवा. असा सोक्षमोक्ष लावणारी तपासणी आज कुठेच होत नाही. २०२२ मध्ये ७६ हजारांहून अधिक रुग्ण तपासून या आजाराशी जोडलेल्या २८७ जागा जनुकांत सापडल्या. एकेका जागेचा वाटा चिमूटभर. न्यूझीलंडच्या डनेडिनमधल्या मुलांच्या अभ्यासावरून २००५ मध्ये ‘कॉम्ट’ या जनुकाचा बराच गाजावाजा झाला होता : त्याचा एक विशिष्ट प्रकार असलेल्या मुलांनी कोवळ्या वयात गांजा ओढला तर धोका जास्त. पुढच्या अभ्यासांत ते नीट टिकलं नाही.

आईबाबांचं भांडण मात्र मिटवता येईल. आजाराचा धोका वाढवणारी काही जनुकं गांजाकडे ओढाही वाढवतात, म्हणजे दोघंही थोडेथोडे बरोबर. त्यात विसराळूपणा हा बऱ्याचदा आजाराचाच भाग असतो, आणि आवाज ऐकू येण्याच्या कितीतरी आधी तो सुरू होतो. भावाची आठवी-नववीची प्रगतिपुस्तकं काढून पाहा. गुण तेव्हाच घसरू लागले होते का? डॉक्टरांना त्या कागदाचा जनुकांच्या अहवालापेक्षा जास्त उपयोग होईल.

एक गंमत सांगतो, बाबांना सांगू नका : काही अभ्यासांत गांजा ओढणारे रुग्ण स्मरणशक्तीच्या चाचणीत न ओढणाऱ्यांपेक्षा सरस निघाले. गांजाने बुद्धी वाढते म्हणून नव्हे. मुळात मेंदू बऱ्यापैकी धडधाकट असलेली ही मुलं गांजाच्या धक्क्याने आजारात ढकलली गेली असावीत, असा एक तर्क आहे. शिवाय गांजा मिळवायलाही थोडं डोकं लागतंच! अशा मुलांनी तो सोडला तर हाती बरंच काही लागू शकतं.

तोवर वस्तू तोंडी सांगू नका, चिठ्ठी द्या.

आता बिडीबद्दल, कारण हे घरच्यांना सहसा कुणी सांगत नाही. बिडीच्या धुरामुळे यकृत ओलान्झापिनचा निचरा लवकर करतं. मळून खाल्लेल्या तंबाखूने तसं होत नाही. व्यसनमुक्ती केंद्रात बिडी एकदम बंद झाली की त्याच गोळीची रक्तातली पातळी आठवड्याभरात चढते आणि मुलगा दिवसभर पेंगतो. मग घरचे आपल्या मनाने गोळीच बंद करतात. तसं करू नका. भरती करण्याआधी रोजच्या बिड्या किती, गांजात तंबाखू मिसळतो का, हे मानसोपचारतज्ज्ञांना सांगा. मात्रा तेच ठरवतील. रात्री-अपरात्री अडचण आलीच, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. मराठीतही बोलता येतं.