सोयाबीन विकून क्लासची फी भरू नका

प्रश्न : मी उदगीर तालुक्यातला शेतकरी. मुलगा 2024 मध्ये मेकॅनिकल इंजिनिअर झाला. आठ महिन्यांपासून चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत कंत्राटदारामार्फत लागला आहे. इन्स्पेक्शनचं काम, बारा तासांची शिफ्ट, हातात सतरा हजार. मोशीला चौघं मिळून खोली केली आहे. आता तो म्हणतो, मेकॅनिकलमध्ये काही राहिलं नाही, नोकरी सोडून डेटा अ‍ॅनालिटिक्सचा क्लास लावतो. फी 85 हजार, शंभर टक्के प्लेसमेंट. गावातला एक मुलगा हिंजवडीत आहे, त्याला बारा लाखांचं पॅकेज आहे. सोयाबीनची रास झाली की माल विकून फी भरावी, की त्याला गावी बोलावून घ्यावं? परत आला तर सोयरीक जुळणंही अवघड आहे.

उत्तर : नमस्कार. पत्र मनापासून लिहिलंत, सोयरिकीचं न लपवता लिहिलंत, हे बरं केलंत. मराठवाड्यातून येणाऱ्या निम्म्या पत्रांच्या तळाशी हीच काळजी असते.

आधी तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर देतो. फी भरू नका, आणि मुलाला परतही बोलावू नका. तो आहे तिथूनच त्याला वर चढायचं आहे. फक्त आज तो ज्या पद्धतीनं काम करतोय, ती बदलावी लागेल.

पुण्यात कंपन्या वाढताहेत, कामं वाढताहेत, तरी नव्या पोराचा पगार का वाढत नाही, हे आधी समजून घेऊ. हे शहर सगळ्यांनाच हवं आहे. लातूर, नांदेड, बीड, सोलापूर, जळगाव, शिवाय बिहार, ओडिशापर्यंतची मुलं इथं उतरतात. एका फ्रेशरच्या जागेसाठी शेकड्यांनी अर्ज येतात. एवढे उमेदवार दारात उभे असताना कंपनी पहिला पगार वाढवेल कशाला? मोठ्या आयटी कंपन्यांचं फ्रेशरचं नेहमीचं पॅकेज गेली दहा-बारा वर्षं साडेतीन लाखांच्या आसपासच आहे, त्याचं मुख्य कारण हेच. पण त्याच कंपन्यांना दोन-तीन वर्षं नीट काम केलेला, जबाबदारी घेणारा माणूस शोधून सापडत नाही. पुण्यात माणसांची टंचाई दारात नाही, दोन जिने वर आहे. पगारही तिथंच आहे. तुमच्या गावातल्या त्या मुलाला बारा लाख मिळतात, तर त्याला नोकरीला किती वर्षं झाली आणि सुरुवात किती पगारावर झाली, हे त्याच्या वडिलांना एकदा विचारून बघा.

आता क्लासचं. डेटा अ‍ॅनालिटिक्स, म्हणजे आकडेवारी तपासून त्यातून निष्कर्ष काढणं, हे खोटं काम नाही, त्यात चांगले पगार आहेत. पण चार-सहा महिन्यांचा क्लास करून, कुठलाही अनुभव नसलेला मेकॅनिकलचा मुलगा त्या रांगेत उभा राहिला, की त्याच्या पुढे कॉम्प्युटरचे, स्टॅटिस्टिक्सचे, एमबीएचे विद्यार्थी असतात. 'शंभर टक्के प्लेसमेंट'चा करार मागवा आणि बारीक अक्षरं वाचा. बहुतेक ठिकाणी 'प्लेसमेंट सहाय्य' एवढंच लिहिलेलं असतं, म्हणजे मुलाखतीला पाठवणार, नोकरी देणार नाहीत. मागच्या बॅचच्या तीन मुलांचे नंबर क्लासकडे मागा. दिले नाहीत, तर तुम्हाला उत्तर मिळालं.

मुलाला खरोखर सॉफ्टवेअरकडेच जायचं असेल तर पुण्यातच सी-डॅक आहे. ही केंद्र सरकारची संस्था, 1988 साली सुरू झालेली. तिचा पीजी-डॅक हा कॉम्प्युटरचा साधारण सहा महिन्यांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम कुठल्याही शाखेच्या इंजिनिअरला करता येतो. प्रवेशासाठी सी-कॅट परीक्षा द्यावी लागते, ती वर्षातून दोनदा होते. फी तिथंही कमी नाही, पण प्रवेश परीक्षेतून गेलेल्या मुलांच्या बॅचला कंपन्या येऊन भेटतात. नोकरी सांभाळून त्यानं सी-कॅटचा अभ्यास करावा, रँक चांगली आली तर बोलू. आवड खरी आहे की फक्त कंटाळा आलाय, हेही त्या अभ्यासात कळून जाईल. एक्सेल आणि एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) तर स्वयम आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन वर्गांवर फुकट शिकता येतं, त्यासाठी रास विकायची गरज नाही.

आणि पॅकेजच्या आकड्याला भुलू नका. साडेतीन-पावणेचार लाखांच्या ऑफरमधून हातात काय येतं, ते एकदा मांडून दाखवतो. 3 लाख 60 हजारांचं पॅकेज म्हणजे महिना 30 हजार, असं घरी सगळे धरून चालतात. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ 1,800, ग्रॅच्युइटीचे सातशेच्या आसपास, मेडिक्लेमचे पाचशे, आणि 'व्हेरिएबल' (कामगिरी बघून दिली जाणारी रक्कम) म्हणून वर्षाचे तीस हजार धरलेले असतील तर महिन्याचे अडीच हजार, असे साडेपाच हजार आधीच बाजूला निघतात. उरलेल्या साडेचोवीस हजारांतून मुलाच्या वाट्याचा पीएफ 1,800 आणि प्रोफेशनल टॅक्स 200. हातात साडेबावीस. हिंजवडीत जेवणासह पीजीला नऊ-दहा हजार सहज जातात, वर येण्याजाण्याचा खर्च. चाकणच्या बऱ्याच कंपन्यांत कॅन्टीनचं जेवण आणि कंपनीची बस असते, मोशीच्या खोलीत चौघांत भाडं वाटलं जातं. दोघांच्याही हातात महिनाअखेर नऊ-दहा हजारच उरतात. म्हणजे आज तरी तुमचा मुलगा हिंजवडीच्या फ्रेशरपेक्षा मागे नाही. दोन वर्षांनी मागे राहील की पुढे जाईल, हे तो आता काय शिकतो त्यावर ठरेल.

इन्स्पेक्शनच्या कामात मुलं अडकतात ती अशी. हातात गेज (माप तपासायचं साधन), समोर पार्ट. बसला तर ओके, नाही बसला तर रिजेक्ट, रिपोर्टवर सही, पुढचा पार्ट. हे काम दहा वर्षं केलं तरी पगार वीस-बावीस हजारांच्या वर जात नाही, कारण कुणालाही पंधरा दिवसांत ते शिकवता येतं. पण त्याच टेबलाच्या पलीकडे क्वालिटी इंजिनिअर बसतो. ग्राहक कंपनीकडून तक्रार आली की पार्ट का बिघडला याचं मूळ शोधणं, आठ टप्प्यांचा 8डी रिपोर्ट बनवणं, कंट्रोल प्लॅन (कुठं काय तपासायचं याचा आराखडा) आणि एफएमईए (काय बिघडू शकतं याची आधीच केलेली यादी) बदलणं, नव्या पार्टला ग्राहकाची मंजुरी मिळवायची पीपॅप फाइल तयार करणं हे त्याचं काम. मुलाला सांगा, पुढच्या तक्रारीच्या वेळी त्या इंजिनिअरकडे जाऊन म्हणायचं, "सर, डेटा मी गोळा करतो, रिपोर्टला मला सोबत बसवा." बहुतेक जण आनंदानं बसवतात, कारण ते लिखाण त्यांनाही नको असतं. ड्रॉइंगवरच्या जीडी अँड टीच्या (पार्टच्या आकारात किती फरक चालेल हे सांगणाऱ्या) खुणा वाचता येणं आणि सीएमएम या अचूक मोजमापाच्या मशीनवर प्रोग्रॅम करता येणं, या दोन गोष्टी त्यानं वर्षभरात पक्क्या कराव्यात. वाहन उद्योगाच्या आयएटीएफ 16949 या गुणवत्ता मानकाचा अंतर्गत ऑडिटरचा कोर्स दोन-तीन दिवसांचा असतो, तोही कामाचा आहे. डेटाचीच ओढ असेल तर मोजमापांचा डेटा त्याच्यासमोर रोज पडतो. एसपीसीचे (मोजमापांतला चढउतार दाखवणारे) तक्ते एक्सेलमध्ये मांडून कुठल्या मशीनवर, कुठल्या शिफ्टला रिजेक्शन वाढतं, हे त्यानं साहेबांना दाखवावं. क्लासच्या खोट्या प्रोजेक्टपेक्षा मुलाखतीत हे कितीतरी वजनदार ठरतं.

चाकण, तळेगाव, रांजणगावच्या कंपन्यांत क्वालिटीच्या मुलाखतीला गेलं की पहिल्या पाच मिनिटांत विचारतात, "शेवटची कस्टमर कम्प्लेंट कुठली हाताळलीस?" ज्याच्याकडे याचं उत्तर आहे, तो कंत्राटदाराकडून निघून कंपनीच्या पेरोलवर जातो. पहिली उडी अठरा ते चोवीस महिन्यांनी मारावी. दर सहा महिन्यांनी हजार-दोन हजारांसाठी कंपनी बदलणाऱ्याचा रेझ्युमे कुणी उचलत नाही. आणि नोकरी लावून देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्या कन्सल्टन्सीला एक रुपयाही देऊ नका, मग ती चाकण चौकातली असो की फोनवरची.

आजच्या कंपनीत त्याला टेबलापलीकडे कुणी जाऊच देत नसेल, तर मात्र थांबू नये. अशा वेळी केंद्र सरकारच्या नॅट्स पोर्टलवरून पदवीधर अ‍ॅप्रेंटिसशिप बघावी. एक वर्षाची असते, विद्यावेतन कदाचित आजच्या पगाराहून कमी असेल, पण चांगल्या कंपनीत शिरता येतं. नोकरीचा अनुभव वर्षभराचा झाला की हा मार्ग बंद होतो. त्याचे आठ महिने झालेत, तेव्हा चौकशी आत्ताच करावी. भोसरीतली एखादी छोटी टूलरूम, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवणारा कारखाना, हीही वाईट नाही. तिथं मालक स्वतः मुलाखत घेतो, आणि व्हीएमसी या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनचं प्रोग्रॅमिंग शिकलेला मुलगा बेकार राहत नाही.

पुण्याचाच हट्ट धरू नका, असंही मला सांगायचं आहे. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्रा-बिडकीनला मोठे प्रकल्प येताहेत. टोयोटा किर्लोस्करनं 2024 मध्ये तिथल्या कारखान्यासाठी राज्य सरकारशी करार केला. तुमच्या लातूरच्या रेल्वे कोच कारखान्यात वंदे भारतच्या स्लीपर गाड्या बांधायचं काम ठरलं आहे. चाकणचा दोन वर्षांचा पक्का अनुभव घेऊन तो मराठवाड्यात परतला, तर ते परतणं वेगळं असेल. सोयरिकीला येणारे पाहुणेही शेवटी मुलाची नोकरी पक्की आहे का, तेच विचारतात.

एक काम मात्र याच आठवड्यात करून घ्या. त्याच्या पगारातून पीएफ कापला जात असेल, तर पीएफ सांभाळणाऱ्या ईपीएफओच्या संकेतस्थळावर किंवा सरकारच्या उमंग अ‍ॅपवर त्याचं पासबुक उघडून आठही महिन्यांची रक्कम जमा आहे का ते बघायला सांगा. काही कंत्राटदार कापतात आणि भरत नाहीत. अशा वेळी ज्या कंपनीत काम चालतं तिच्यावरही जबाबदारी येते. रोज बारा तास भरतात, तर आठवड्याच्या 48 तासांवरच्या कामाचा दर दुप्पट लागतो, तो पगाराच्या स्लिपवर दिसला पाहिजे. स्लिपच मिळत नसेल तर ती लेखी मागावी. पासबुकात महिने कोरे दिसले तर मला पुन्हा लिहा आणि सोबत स्लिपचा फोटो पाठवा. तक्रार कुठं आणि कोणत्या शब्दांत करायची, ते मी लिहून देतो.